मांजरपाटावर क्रुसाची वाट: चौदा अमूर्त चित्रं कशी करायची

लाल रंगाची ट्यूब आधी कपाटात टाका. बाकीचं नंतर बोलू.

मी वसईकडची. एकतीस वर्षं मराठी शाळेत चित्रकला शिकवली. निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या धर्मग्रामातली (म्हणजे चर्चच्या पॅरिशमधली) कॉलेजातली पोरं घरी आली. "बाई, या उपवासकाळात क्रुसाची वाट आपण रंगवू या. पण तीच ती कॅलेंडरातली चित्रं नकोत. मॉडर्न पाहिजे." (क्रुसाची वाट म्हणजे येशूला शिक्षा सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतचे चौदा प्रसंग. एकेका प्रसंगाला आम्ही स्थान म्हणतो आणि ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात त्यांच्यापुढे थांबत प्रार्थना करतो.) मीही हुरळले. चौदा हार्डबोर्ड आणले, रंगाचे डबे उघडले आणि पोरांना म्हटलं, मनात येईल ते करा. पोरांनी केलं. चौदाच्या चौदा बोर्डांवर लाल ओघळ, प्रत्येकात कुठेतरी दडवलेला क्रूस आणि तिघांत तर दाढीवाला चेहराही. सगळे बोर्ड भिंतीला टेकवून ठेवले तेव्हा माझा धाकटा भाऊ दारातून डोकावून म्हणाला, "मटणाच्या दुकानाचा ओटा धुतला नाही का आज?"

चूक पोरांची नव्हती. अमूर्त म्हणजे मनाला येईल तसं, असं मीच सांगून बसले होते. त्यानंतर चार उपवासकाळ आम्ही हे काम पुन्हापुन्हा केलं. त्यातून जी रीत हाती लागली ती इथे देते आहे. कुणाला चर्चसाठी करायची असतील, कुणाला घरातल्या भिंतीसाठी. ख्रिस्ती नसलात तरी हरकत नाही. ज्याच्या चित्रांवरून मी हे शिकले तोही ख्रिस्ती नव्हता.

आधी एक चित्रमालिका नीट बघा

बार्नेट न्यूमन, न्यूयॉर्कचा ज्यू चित्रकार, जन्म 1905. पोलॉक, रॉथको यांच्या पिढीतला. या मंडळींच्या कामाला अमूर्त अभिव्यक्तिवाद म्हणतात. 1957च्या अखेरीस त्याला हृदयविकाराचा झटका आला. त्यातून उठल्यावर 1958च्या फेब्रुवारीत त्याने कच्च्या, अस्तर (रंगाआधी द्यायचा लेप) न दिलेल्या कॅनव्हासवर फक्त काळ्या रंगात काम सुरू केलं. दोन चित्रं झाली, आणखी होत गेली आणि चौथ्याच्या सुमारास त्याला उमगलं की आपण क्रुसाची वाट रंगवतो आहोत. विषय आधी ठरवून मग रंगवणं त्याने केलंच नाही. चौदा चित्रांना 1966 उजाडलं. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात ती मांडली गेली. प्रत्येक चित्र साधारण साडेसहा फूट उंच आणि पाच फूट रुंद, म्हणजे हात पसरून उभ्या राहिलेल्या माणसाला पुरेल एवढं. आता ती सगळी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

मी ती 2018 साली पाहिली. लेक तिकडे असते, तिच्या बाळंतपणाला गेले होते. नातू तीन महिन्यांचा झाल्यावर जावई म्हणाले, आई, आज तुम्ही सुट्टी घ्या. पूर्वेकडच्या इमारतीत वर मनोऱ्यात न्यूमनची खोली, तिथेच रॉथकोचीही चित्रं आणि बाहेर गच्चीवर एक प्रचंड निळा कोंबडा उभा. तो कातरीना फ्रिच या जर्मन शिल्पकर्तीचा. त्याचा या चित्रांशी काडीचा संबंध नाही, पण क्रुसाच्या वाटेकडे जाताना कोंबडा दिसला की आमच्यासारख्यांना कोंबडा आरवण्याआधी येशूला तीनदा नाकारणारा पेत्रच आठवणार.

खोलीत शिरल्यावर पहिली पाच मिनिटं मला काही म्हणजे काही वाटलं नाही. उभे पट्टे. काळे, मग पांढरे, मधे कापडाचा पिवळसर रंग. चेहरा नाही, काटे नाहीत, क्रूस नाही. मग मी आमच्या चर्चमध्ये चालतो तशी चालायला लागले, पहिल्यापासून, प्रत्येकापुढे थांबत. नवव्यापाशी काळा रंग एकाएकी गेला. नववं, दहावं, अकरावं चित्र पांढऱ्याचं. बारावं पुन्हा काळं. पांढऱ्यातून त्या काळ्यापाशी आले तेव्हा पोटात खड्डा पडला. एकटं बारावं चित्र बघितलं असतं तर नसता पडला.

न्यूमनने या मालिकेला जोडनाव दिलं होतं ते येशूच्या क्रुसावरच्या आरोळीचं: "लमा सबख्थनी". तू माझा त्याग का केलास? त्याचं म्हणणं असं की क्रूस घेऊन ते भयंकर चालत जाणं हा विषयच नाही, विषय आहे तो हा प्रश्न, ज्याला उत्तर नाही. म्हणून त्याची चित्रं एकेका प्रसंगाची नाहीत, चौदा मिळून एकच आरोळी आहे. इथे माझं त्याच्याशी थोडं वाजतं. आम्ही दर शुक्रवारी गुडघे टेकत ही वाट चालतो. येशू तीनदा पडतो तेव्हा आमचेही गुडघे तीनदा जमिनीला लागलेले असतात. आमच्या लेखी प्रसंग पुसून चालत नाही. तेव्हा पुढची रीत अशी आहे: साधनं न्यूमनची, प्रसंग आपले.

क्रूस चित्रात घालू नका, भिंतीवर लावा

पोरांचा पहिला प्रश्न हमखास हाच. क्रूस दिसला नाही तर लोकांना कळणार कसं?

याचं उत्तर ख्रिस्तसभेच्या परंपरेतच आहे. पोप क्लेमेंट बारावे यांनी 1731 मध्ये स्थानं चौदा अशी पक्की केली. या भक्तीसाठी आवश्यक असतात ते चौदा साधे क्रूस. चित्रं किंवा मूर्ती रिवाजाने जोडलेल्या. म्हणजे क्रूस भिंतीवर आहेतच, चित्राने क्रुसाचं काम करायची गरज नाही. सुताराकडून बोटभर लांबीचे चौदा लाकडी क्रूस करून घ्या आणि प्रत्येक चित्राच्या वर एकेक लावा. हे केलं की चित्राच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. दडवलेला क्रूस हा अमूर्त चित्रातला सगळ्यात मोठा लबाडीचा प्रकार आहे. बघणारा तो शोधतो, सापडला की खूश होतो आणि पुढे जातो. कोडं सुटलं, चित्र संपलं.

(चर्चमध्ये लावायची असतील तर फादरांशी आधी बोला. चित्रं तयार करून थेट घेऊन जाऊ नका. मी गेले होते.)

कापड

कच्चा कॅनव्हास महाग पडतो. आपल्याकडे मांजरपाट आहे. कोरं, न धुवट केलेलं, बिस्किटी रंगाचं, मधेमधे कापसाच्या सालीचे बारीक काळसर ठिपके असलेलं. पातळ घेऊ नका. ज्याची बाजाराची पिशवी शिवता येईल असं जाड मागा. या कामात कापड हाच तिसरा रंग आहे, तेव्हा दुकानात दिवसाच्या उजेडात नेऊन बघा.

चित्राचं माप दीड फूट बाय दोन फूट धरा. 44 इंच पन्ह्याचं सहा मीटर घ्या. रात्रभर पाण्यात भिजवा, नुसत्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा आणि ओलसर असतानाच इस्त्री करा. नीळ किंवा साबण नको. पन्हा आटून 42 इंचांच्या आसपास येतो. त्यातून 21 बाय 27 इंचांचे तुकडे, आडवे दोन, अशा सात ओळी काढल्या की जेमतेम 4.8 मीटर लागतात. उरलेला तुकडा बोहारणीला देऊ नका, जपून ठेवा.

चौकटी सुताराकडून. पाइनच्या पट्ट्या चालतात, फक्त पट्टीची आतली कड तासून उतरती करायला सांगा, नाहीतर कापड पट्टीला टेकतं आणि रंग देताना चौकटीची रेघ उमटते. कापड ताणताना आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक चूक (बारीक खिळा) ठोका, मग मध्याकडून कोपऱ्याकडे जा. कोपऱ्यातून सुरुवात केली तर सुरकुत्या पडतात. ढोलकीसारखं वाजायला नको, पण टिचकी मारल्यावर आवाज आला पाहिजे.

अस्तर द्यायचं नाही. फक्त मागच्या बाजूने मॅट मिडियमचा (अ‍ॅक्रिलिकचं बिनरंगी, बिनचमकीचं द्रावण) पातळ हात फिरवा, म्हणजे पुढून कापड कापडच दिसतं पण रंग फार पसरत नाही. फेव्हिकॉल पातळ करून चालेल का, असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. शाळेच्या तक्त्याला चालेल. वसईच्या पावसाळ्यात तो दमटपणाने चिकट होतो आणि चित्र भिंतीवरच्या कॅलेंडरला मिठी मारून बसतं. आणि तेलरंग अजिबात नको, अस्तराशिवायच्या सुती कापडाला तेल काही वर्षांत खाऊन टाकतं. अ‍ॅक्रिलिकच घ्या.

ही सगळी तयारी उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या आधी उरका. तिथून ईस्टरच्या आदल्या, झावळ्यांच्या रविवारपर्यंत साडेपाच आठवडे मिळतात, म्हणजे आठवड्याला अडीच चित्रं. सोपं वाटतं, नसतं.

काळे तीन

दुकानात काळा एकच मिळतो असं समजू नका, पण मिळाला तरी चालेल. साधा काळा एका वाटीत. दुसऱ्या वाटीत काळ्यात बर्न्ट अंबर हा गडद तपकिरी, चहाचे दोन चमचे काळा असेल तर अर्धा चमचा. तिसऱ्यात तेवढाच अल्ट्रामरीन निळा. तिन्हींचे पट्टे मांजरपाटाच्या चिंधीवर शेजारी शेजारी ओढा आणि वाळू द्या. ओले असताना तिन्ही सारखेच दिसतात. वाळल्यावर एक कोळसा, एक करपलेली भाकरी आणि एक रात्र.

काळ्यात काय काय दिसू शकतं याचा धडा घ्यायचा तर सोझांकडे बघा. फ्रान्सिस न्यूटन सोझा, 1924 साली गोव्याच्या साळगावात जन्मलेले, कॅथलिक घरात वाढलेले. त्यांचं 1959चं क्रुसावरचं येशूचं चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. काट्याकुट्यांचा, दात विचकलेला तो येशू आमच्या आजीने पाहिला असता तर उलटा करून ठेवला असता. पण मला इथे सांगायची आहेत ती साठच्या दशकातली काळ्यावर काळी चित्रं, जी त्यांनी 1966 मध्ये लंडनमध्ये मांडली. सगळं काळं. आकृती दिसते ती फक्त जाड रंगाच्या उंचवट्यांवर उजेड पडतो म्हणून. तुम्ही बाजूला सरकलात की ती बदलते. न्यूमनची मालिका न्यूयॉर्कला लागली तेही हेच वर्ष, गंमत आहे. सोझा अमूर्त नव्हेत, आकृती त्यांनी सोडली नाही. आपल्याला त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच: काळ्याला जाडी असते, दिशा असते. आडव्या ब्रशने ओढलेला काळा आणि उभ्या ब्रशने ओढलेला काळा ट्यूबलाइटखाली दोन वेगळे रंग वाटतात.

पांढरा एकच पुरे. टिटॅनियम.

टेप लावायची आणि काढायची

न्यूमनच्या चित्रातल्या उभ्या रेघेला "झिप" म्हणतात. ती मास्किंग टेपने येते. कापडावर टेप लावा, स्टीलच्या चमच्याच्या पाठीने कडा घासून बसवा. आता टेपच्या कडेवरून मॅट मिडियमचा पातळ हात द्या आणि पाव तास थांबा. जे काही टेपखाली झिरपायचं ते मिडियम झिरपतं, पारदर्शक असल्यामुळे दिसत नाही आणि भेगा बुजतात. मग रंग. रंग पूर्ण वाळायच्या आत टेप काढा, सरळ वर न खेचता स्वतःवरच दुमडत, तिरकी, सावकाश. कड सुरीने कापल्यासारखी येते.

हे जमलं की आता याच्या उलट करायला शिका. न्यूमनच्या पहिल्या चित्रात डावीकडे काळा पट्टा आहे आणि उजवीकडे कोऱ्या कापडाची एक बारीक रेघ, जिच्या दोन्ही बाजूंना काळ्याची केसाळ पिसं आहेत. ती रेघ त्याने रंगवलेलीच नाही. टेप लावली, ब्रश जवळजवळ कोरडा केला, टेपवरून आडवा झटकला आणि टेप काढून घेतली. घरी करून बघा: ब्रश काळ्यात बुडवा, वर्तमानपत्रावर इतका पुसा की कागदावर फक्त ओरखडे उमटतील, मग टेपवरून बाहेरच्या बाजूला फटकारे मारा. मिडियम लावायचं नाही. टेप निघाल्यावर जे उरतं ते बघताना मला नेहमी वाटतं की काहीतरी तिथे होतं आणि आत्ताच उठून गेलं. रोमी सुभेदार पिलाताने येशूला शिक्षेचा निवाडा सुनावला त्या पहिल्या स्थानाला याहून जास्त काही लागत नाही.

दोन्ही कडा, सुरीसारखी आणि केसाळ, एकाच मालिकेत वापरा. सगळीकडे सुरीची कड ठेवलीत तर चित्रं बँकेच्या जाहिरातीसारखी दिसतात. आमच्या दुसऱ्या वर्षी हेच झालं होतं.

तांदळाची गोणी

आता हाताचं काम. ब्रश उचलायच्या आधी पाठीवर वजन घ्यायचं.

मी अंगणात दहा किलो तांदळाची गोणी ठेवते. प्रत्येकाने ती एका खांद्यावर घ्यायची, माडांच्या ओळीपर्यंत जायचं, परत यायचं, गोणी टाकायची आणि लगेच, घाम न पुसता, जमिनीवर अंथरलेल्या खाकी कागदावर चार इंची भिंतीच्या ब्रशने एकच फटकारा ओढायचा. मनगट हलवायचं नाही. हात खांद्यातून आला पाहिजे. एक मुलगा, अभ्यासात आणि चित्रकलेत दोन्हीकडे बेताचा, गोणी टाकून आला आणि त्याने वरून खाली असा पट्टा ओढला जो मधेच उजवीकडे कलला आणि कागदाच्या कडेच्या वीतभर आधी थांबला. मी विचारलं, थांबलास का? म्हणाला, "बाई, हातच गेला." तोच पट्टा आम्ही दुसऱ्या स्थानासाठी घेतला. येशू क्रूस खांद्यावर घेतो. त्याला पुन्हा तसा ओढता आला नाही, म्हणून तो खाकी कागदावरूनच मोजून, टाचण्या लावून कापडावर उतरवावा लागला. हे शास्त्रशुद्ध नाही, मला माहीत आहे. अमूर्त अभिव्यक्तिवादी म्हणतील फटकारा जागीच झाला पाहिजे. ते चौदा मुलं घेऊन काम करत नव्हते.

आता स्थानं

सगळी चौदा सांगत बसत नाही. काही आपोआप होतात. पाचवं, क्रूस वाहायला मदत करणाऱ्या सिरेनेकर शिमोनाचं, म्हणजे एका पट्ट्याला दुसऱ्या, वेगळ्या काळ्याचा टेकू. आठवं, यरुशलेमच्या स्त्रियांचं, मला आजवर नीट जमलेलं नाही. गर्दी अमूर्तात आणणं कठीण, लगेच कुंपण दिसायला लागतं.

खरी परीक्षा तिसरं, सातवं आणि नववं. तीन वेळा पडणं. शुभवर्तमानात याचा उल्लेख नाही, हे भक्तीच्या परंपरेतून आलेलं आहे, आणि बहुधा म्हणूनच लोकांना ते इतकं आपलं वाटतं. पारंपरिक चित्रांत तिन्हींत फरक करायला चित्रकाराची तारांबळ उडते. एकदा गुडघ्यावर, एकदा हातावर, एकदा पालथा. अमूर्तात उलट सोपं आहे, फक्त शिस्त हवी. तिन्ही चित्रांत पट्टा एकाच रुंदीचा, एकाच काळ्याचा. मी साडेतीन इंच ठेवते. तिसऱ्या स्थानी तो आडवा, चित्राच्या मध्याच्या जरा खाली, खालच्या बाजूला तीन भाग कापड असेल तर वर पाच. सातव्यात तोच पट्टा आणखी खाली, तळाशी फक्त दोन बोटं कापड उरेल इतका. नवव्यात पट्टा तळाच्या कडेवरून जवळजवळ बाहेर गेलेला; दिसते ती फक्त वरची अर्ध्या इंचाची काळी किनार, बाकी सगळं मोकळं कापड. रुंदी बदलली, काळा बदलला, तर तीन वेगळी चित्रं होतात. बदलली नाही तर बघणाऱ्याला कळतं की तोच आहे, पुन्हा. बाजूला क्रमांक लावायचीही गरज पडत नाही.

नवव्यात पोरांना राहवत नाही. एवढी मोकळी जागा, काहीतरी टाकू या ना बाई. नाही टाकायचं.

चौथं, आईची भेट. दोन उभ्या रेघा, एक सुरीच्या कडेची, एक केसाळ. त्यांच्यामधलं अंतर हे सगळं चित्र. मी जुन्या वर्तमानपत्राच्या दोन पट्ट्या कापते, कापडावर ठेवून एकमेकींकडे सरकवत जाते. एक जागा अशी येते की अजून पाव इंच सरकवलं तर त्या जोडी वाटतील आणि पाव इंच मागे घेतलं तर परक्या. तिथे पेन्सिलची खूण करा.

सहावं माझं आवडतं. वेरोनिका येशूचा चेहरा पुसते आणि रुमालावर ठसा उमटतो. हेही शुभवर्तमानात नाही, पण चित्रकाराच्या दृष्टीने याहून भाग्याचं स्थान नाही, कारण इथे चित्र ब्रशने करायचंच नसतं. कापडावर मधोमध पातळ काळ्याचा डाग द्या, तळहाताएवढा, आकार कसलाच नको. अर्धा मिनिट थांबा. मांजरपाटाची चिंधी त्यावर पसरा, पालथ्या हाताने एकदाच दाबा, उचला. मूळ कापडावर जे उरतं ते नव्हे, चिंधीवर जे आलं ते सहावं स्थान. तीच चिंधी चौकटीवर ताणलेल्या कोऱ्या कापडाच्या मध्यावर शिवा, साध्या धावदोऱ्याने. कधी चेहऱ्यासारखं काही उमटतं. उमटलं तर ती चिंधी बाजूला ठेवून दुसरी घ्या.

रंग चढवण्याइतकंच रंग उचलणं महत्त्वाचं, हे आपल्याकडे गायतोंड्यांच्या चित्रांत बघायला मिळतं. वासुदेव गायतोंडे, जन्म नागपूरचा, वाढले गिरगावात, शिकले जे. जे.मध्ये. 1964 साली ते शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले आणि तिथे रॉथकोला भेटले. रोलर आणि पॅलेट नाइफने थर द्यायचे, कागदाचे तुकडे दाबून रंग उचलायचा, असं त्यांचं काम. त्यांना ख्रिस्ती विषयाशी घेणंदेणं नव्हतं आणि ते आपल्या चित्रांना अमूर्तही म्हणू देत नसत. तरी सहाव्या स्थानाआधी त्यांचं एखादं चित्र जवळून बघायला मिळालं तर बघा. रंग उचलल्यावर मागे राहतं त्याला काय म्हणतात, ते तिथे दिसतं.

दहावं, वस्त्रं काढतात ते. आख्खं कापड टेपच्या पट्ट्यांनी झाका, वरून पांढरा द्या, एकेक पट्टी ओढून काढा. शेवटची काढायची की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.

अकराव्यासाठी, येशूला क्रुसावर खिळतात त्यासाठी, विल्यम काँग्डनकडे जावं लागतं. हा अमेरिकन, न्यूयॉर्कमध्ये पोलॉक, रॉथकोच्याच गॅलरीत चित्रं लावणारा. दुसऱ्या महायुद्धात रुग्णवाहिका चालवत होता आणि बर्गन-बेल्झनची छळछावणी त्याने आतून पाहिलेली. 1959 मध्ये इटलीत असिसीला त्याने कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली आणि पुढे कितीतरी क्रूस रंगवले. तो फळीवर काळा थर द्यायचा, त्यावर सुरीने जाड रंग थापायचा आणि टोचणीने ओला रंग खरवडून खालचा काळा बाहेर काढायचा. आपण तेच करायचं. कापडामागे हार्डबोर्डचा तुकडा सरकवा. काळा द्या, पूर्ण वाळवा. वर पांढरा थापीने, लोण्याच्या थरासारखा. ओला असतानाच गोणी शिवायच्या दाभणाने तीन ठिकाणी उभं खुपसून खाली ओढा. तीनच. मार्चच्या उन्हात पांढऱ्यावर दहा मिनिटांत साय धरते, तेव्हा पाण्याचा फवारा हाताशी ठेवा.

बारावं, येशूच्या मरणाचं, पूर्ण काळं. तिन्ही काळे वापरा, आडवे, उभे, जाड. कापड कुठेही दिसू देऊ नका, सगळ्या मालिकेत हे एकदाच.

तेराव्यात, क्रुसावरून खाली उतरवतात तिथे, काळाही खाली उतरलेला. चौदाव्यासाठी, कबरीत ठेवतात त्यासाठी, मी राख वापरते. चर्चमधली आशीर्वादित राख नव्हे, ते विचारायला गेले तेव्हा फादरांनी माझ्याकडे जसं पाहिलं ते अजून आठवतं. आपल्या चुलीतली, लाकडाची. ती पाण्यात ढवळून निवळू द्या, वरचं पाणी ओता, असं दोनदा करा म्हणजे खार निघून जातो. वाळवून मलमलीतून गाळा. एका वाटी मॅट मिडियमला दोन चमचे. मी एकदा चार घातले होते, तर चित्र हलवलं की खाली पिठासारखी भुकटी पडायची. राखेचा करडा कुठल्याच ट्यूबमध्ये मिळत नाही. तो तळाच्या एक तृतीयांश भागात द्या आणि थांबा.

उलटी करून बघा

सगळी झाल्यावर ओळीने लावा आणि खोलीतल्या सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसा. चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसणारे लोक असतात, मी त्यांतलीच. तिथून पडण्याची तीन चित्रं ओळखू आली पाहिजेत. मग एकेक चित्र उलटं करा. उलटं केल्यावर जास्त चांगलं दिसलं, तर वजन चुकीच्या जागी पडलंय. तिसरं आणि सातवं उलटं केल्यावर पट्टा तरंगायला लागतो, हे बरोबर.

एका फ्रेमवाल्याने आमच्या चित्रांना न विचारता काच बसवली आणि चकचकीत सोनेरी पट्टी लावली. काचेत ट्यूबलाइट दिसायची आणि काळ्यातलं बाकी सगळं गेलं. काच नको. पट्टीही नको.

पावसाळा लागायच्या आधी चित्रं भिंतीवरून उतरवा. कोऱ्या कापडाला बुरशी लवकर धरते. मागून पुन्हा एकदा मिडियमचा हात, जुन्या सुती साडीत गुंडाळणं आणि भिंतीला न टेकवता पलंगाखाली विटांवर उभी ठेवणं, एवढं केलं की गणपतीपर्यंत टिकतात. एका वर्षी मी आळस केला, तर नवव्या चित्राच्या मोकळ्या जागेत काळे ठिपके आले. पोरं खूश. शेवटी काहीतरी टाकलं म्हणे बाईंनी.

आणि तो उरलेला तुकडा. गुगेनहाइममध्ये न्यूमनने चौदा चित्रांबरोबर एक पंधरावंही लावलं होतं, "बी टू" नावाचं. जवळजवळ सगळं पांढरं, एका कडेला काळी बारीक किनार आणि दुसऱ्या कडेला नारिंगीकडे झुकणारी लाल. आख्ख्या मालिकेत जो रंग कुठेच नाही तो तिथे, पाव बोटभर. माझी पंधरावी चौकट गेली तीन वर्षं कापड ताणून कपाटाला टेकलेली आहे. लाल ट्यूब त्याच कपाटात आहे. परवा झाकण उघडून बघितलं, तोंडाशी थोडी सुकली आहे, दाभण घातलं की निघेल.